दोन चाव्यांचा द्वारपाल

३ जुलै, गुरुवार

आज एका डब्याचं बारसं केलं. डबा पत्र्याचा, राखाडी, चार पुडांच्या जेवणाच्या डब्याएवढा. आत बोटाच्या पेराएवढी एक चिप आणि बाकी नुसत्या वायरी. पत्र्यावर दणका घालून त्याला आकार देणारी पॉवर प्रेस असते, तिच्यावर हा बसायचा. कामगाराचा हात आत असताना वरचा ठोकळा खाली आला तर हाताचाच आकार बदलतो. तसं होऊ न देणं हे डब्याचं जीवितकार्य.

विनीतला इंग्रजी नाव हवं होतं. मी म्हटलं, "द्वारपाल."

"काका, एक्स्पोर्टला चालेल?"

"तिकडे कोणाला अर्थ कळणार नाही. म्हणजे जास्तच चालेल."

ठरलं. विनीत आमच्या नौपाड्यातल्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. त्याचा वागळे इस्टेटमध्ये छोटासा कारखाना आहे. मी ठाण्याचा वार्ताहर होतो. वर्तमानपत्राने ठाण्याचं पान बंद केलं तेव्हा संस्कृतचा एम. ए. आणि पन्नाशी एवढंच भांडवल उरलं. विनीतने मला माहितीपुस्तिका लिहायला कामावर घेतलं. बायको, मंदाकिनी, म्हणते, आयुष्यभर लोकांना न वाचावंसं वाटणारं लिहिलंस, आता निदान पगार वेळेवर होतो.

विनीतने माझ्या आठवड्याची वाटणी करून दिली आहे. सोमवार ते बुधवार इंग्रजी पुस्तिका, गुरुवार मराठी, शुक्रवार जाहिराती, शनिवारी अर्धा दिवस किरकोळ. "ज्याच्या त्याच्या दिवशी त्याचंच काम, काका. मध्ये काही घुसवलं की काहीच संपत नाही." शिस्त चांगली आहे. वार्ताहर असताना मला सगळं आजच हवं असायचं. आता जग गुरुवारपर्यंत थांबतं आणि कोणाचं काही बिघडत नाही.

८ जुलै, मंगळवार

डब्याच्या पोटात काय चालतं ते क्षिप्राने समजावलं. ही आमची सॉफ्टवेअरवाली. डोंबिवलीची, तिशीच्या आतली, आणि चेहरा असा की नेहमी पाण्याचा पंप चालू ठेवून घरातून निघाली असावी. मी तिला चिंतामणी म्हणतो. ती हसत नाही, हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे.

पूर्वी पहाऱ्याचा डबा वेगळा आणि नग मोजून मालकाच्या मोबाइलवर रिपोर्ट पाठवणारा डबा वेगळा असायचा. विनीतने दोन्ही एका चिपवर आणले. पण चिप एका वेळी एकच काम करते. मग कोणी कधी करायचं?

"काका, तुमच्या नौपाड्यात पाण्याला पाळी असते?"

"नाही."

"मग तुम्हाला कळणं कठीण आहे. आमच्याकडे पालिकेचा माणूस आधी एरियाची चावी उघडतो. ठरलेला वेळ झाला की बंद करून पुढच्या एरियात. आपल्या एरियात पाणी असेपर्यंत सोसायटीचा वॉचमन एकेका विंगची चावी उघडतो. दोन चाव्या. वरच्या चावीवाल्याला आमच्या विंगा माहीत नाहीत, आणि वॉचमनला पालिकेचं काही माहीत नाही."

"आणि तरी सगळ्यांच्या अंघोळी होतात."

"वेळापत्रक नीट बसवलं तर होतात. आपल्याकडे एरिया तीन. पहारा, स्क्रीन आणि मोबाइलचा रिपोर्ट. पहाऱ्याची पाळी वरचेवर येते. त्या एरियात पहिला नंबर हात बघण्याचा, दुसरा ब्रेक लावण्याचा."

मी लिहून घेतलं: 'हाताची सुरक्षा हे काम पहिल्या क्रमांकाचे आहे.' तिने वाक्य वाचलं आणि म्हणाली, "त्याच्या एरियात पहिल्या क्रमांकाचं." मी म्हटलं, एवढं लांब वाक्य पुस्तिकेत शोभणार नाही.

१० जुलै, गुरुवार

मराठीचा दिवस, म्हणून डोंबिवली एमआयडीसीत गेलो. पहिला द्वारपाल तिथल्या एका प्रेस-शॉपमध्ये बसणार आहे. फोरमन महिपत म्हणून आहे; मिशी भारदस्त, आवाज बारीक. त्याने माझा मोबाइल नंबर घेतला तो गाडीवाल्याला द्यायला. मी घरी पोचायच्या आत त्याच्याकडून गुलाबाचं चित्र आणि 'शुभ संध्याकाळ' आलं.

प्रेसवर सगुणाबाई आहे. चाळिशीची, मूळची खेडकडची, राहायला आंबिवलीला. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी दाबायची. मग ठोकळा दाणकन खाली. हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस पडतच नाही. उपाय साधा आणि अत्यंत बुद्धिमान, असं मी तिला म्हटलं.

"बुद्धिमान हाय, पण खांदे जातात की," ती म्हणाली. "दिवसभर असं दोन हात पसरून. घरी गेली तरी पोरगी बोलते, आई, आरतीला उभी राहिल्यासारखी का बसलीस?"

नव्या योजनेत बटणं जाणार. समोर दोन खांब, त्यांच्यामध्ये न दिसणारे किरण. हात आत गेला की किरण तुटतो आणि द्वारपाल प्रेसला जागीच थांबवतो. प्रेस चालवायची पायाच्या पेडलने. हात मोकळे, काम दीडपट.

"म्हणजे आधी मी हात काढला की मशीन चालायची, आणि आता मशीनने बघायचं माझा हात हाय का?"

"बरोबर."

"नवऱ्यापेक्षा बरी मग. त्याला माझा हात मोडलेला पण दिसला नव्हता."

महिपत हसला. मीही. निघताना ती म्हणाली, "पुस्तक मराठीत लिवा साहेब. मी दहावी झालेली हाय. फॉरेनचं पुस्तक महिपतदादा कपाटात ठेवतो, त्याच्यावर गणपती बसवतो."

२४ जुलै, गुरुवार

मराठी पुस्तिका छापून आली. काही वाक्यं मला स्वतःला आवडली, उदाहरणार्थ, 'हात आत जाताच द्वारपाल यंत्रास थांबवतो. म्हणून दोन हातांची बटणे काढून पायाचे पेडल वापरण्यास हरकत नाही.' हे वाक्य इंग्रजीत चार ओळींचं होतं, आणि त्यात दोनदा 'जर' होतं. मराठीत दोन्ही 'जर' गळाले आणि वाक्य उभं राहिलं.

महिपतने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. खाली कमळ.

५ ऑगस्ट, मंगळवार

प्रेस-शॉपच्या मालकाचा फोन: मोबाइलवर रिपोर्ट उशिरा येतो, स्क्रीन अडकते. विनीत क्षिप्राच्या खुर्चीमागे उभा राहिला. माझं टेबल शेजारी असल्यामुळे मला सगळं ऐकू येतं आणि निम्मं कळतं.

"पहाऱ्याच्या एरियाला दिवसभर काम काय?" विनीत म्हणाला. "हात कितीदा चुकून आत जातो? पाळी येते, बघतो, कोणी नाही, तरी आपली वेळ संपेपर्यंत बसून राहतो. कोणी नसेल तर उरलेली पाळी रिपोर्टला देऊन टाकू दे की."

"करता येईल," क्षिप्रा म्हणाली. "पण—"

"पण नंतर. आधी कर."

मला न्याय्य वाटलं. आमच्या ऑफिसातही काम नसताना खुर्ची अडवून बसणारे आहेत. नावं लिहीत नाही, कारण त्यांत एक मी आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बदल झाला, तपासला, डोंबिवलीत बसवला. तपासणी साकेतची. हा आनंदी प्राणी आहे. त्याच्या टेबलावर एक बटण. दाबलं की डब्याचं चक्र सुरू होतं आणि एक खोटा हात किरणात जातो. त्याने मला खुर्ची दिली आणि एकामागून एक करून दाखवलं. दर वेळी थांबलं. "काका, लिहा. शंभर टक्के."

लिहिलं.

संध्याकाळी प्रेस-शॉपमध्ये सगुणाबाईला पेडलवर बघितलं. हात आत-बाहेर, आत-बाहेर, पाय तालावर. मी म्हटलं, तबलजी होतीस काय गं पूर्वजन्मी? "या जन्मीच केलं असतं, कोणी शिकवलं नाही." बोलतानाही ती थांबली नाही. खांदे दुखतात का? "तुमच्या डब्याला माझ्या खांद्यांचं पुण्य लागो."

ते पुण्य मी मनातल्या मनात तिघांत वाटून घेतलं: विनीत, क्षिप्रा, मी.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती गेले आणि क्षिप्राची चिंता आली. दुपारच्या चहाला माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काका, साकेतचं बटण एकच आहे."

"मग? विनीत दुसरं घेऊन देईल."

"तसं नाही. ते बटण दाबलं की चक्र सुरू होतं. चक्रात पहिली पाळी पहाऱ्याची. आणि खोटा हातही त्याच क्षणी आत जातो. म्हणजे आपण दर वेळी पहाऱ्याची पाळी चालू असतानाच हात घातला."

"म्हणजे आमच्याकडे आपत्ती मुहूर्त बघून येते."

मला स्वतःला हे बरं जमलं असं वाटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "समजा पाळी आली. बघितलं, कोणी नाही. उरलेली पाळी रिपोर्टला दिली. आणि त्याच्या पुढच्या क्षणी हात आत आला. मग?"

"पुढच्या पाळीला दिसेल."

"दिसेल. पण हात बघणारा पहिला असला तरी किरणाची खबर यायला तो क्षणभर थांबतो, आणि ब्रेकवाला वेगळा आहे. त्याने पाळी आल्याबरोबर बघितलं, ब्रेक लावायला कोणी सांगितलेलं नाही, त्याने आपला वेळ सोडून दिला. हात बघणारा ओरडला त्याच्यानंतर. म्हणजे आणखी एक फेरा. वरच्या चावीपाशी एकदा थांबायचं, खालच्या चावीपाशी एकदा. दोघंही नियमाने वागतात, काका. कोणाचीच चूक नाही. आणि ठोकळा तोवर खाली येतो."

मी तिला बिस्किट दिलं. घेतलं नाही. मुली हल्ली फार मनाला लावून घेतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

क्षिप्राने साकेतच्या बटणाची वायर तोडली आणि खोटा हात वाटेल तेव्हा घालून बघितला. बहुतेक वेळा थांबलं. काही वेळा उशीर झाला. विनीतने सगळ्यांना बोलावलं.

"काही वेळा म्हणजे किती?"

"शंभरात दोन. कधी तीन."

"आणि खऱ्या प्रेसवर हात आत असताना चुकून पेडल पडणं, ते कितीदा? आणि तेही नेमकं या दोनांतच?"

सगळ्यांनी क्षिप्राकडे बघितलं. अशा वेळी मला वर्तमानपत्रापासूनची खोड आहे. कोणीतरी काहीतरी चांगलं वाक्य टाकावं असं वाटतं. मी म्हटलं, "याला आमच्यात काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला."

विनीत मोकळा हसला. साकेतही. "बघ क्षिप्रा, शास्त्रातच आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. आधी ते यंत्रांचं प्रदर्शन होऊन जाऊ दे."

क्षिप्राने लॅपटॉप मिटला. दारात मला एवढंच म्हणाली, "काका, कावळा तिथे दिवसभर बसतोय. फांदीवर."

मला तिचं बोलणं लागलं नाही. वादात हरल्यावर माणूस उपमेला येतो, हे मी विद्यार्थिदशेपासून बघत आलो आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

क्षिप्रा हट्टाची आहे. शनिवार-रविवार बसून तिने सगळं आकड्यांत मांडलं आणि सकाळी विनीतच्या टेबलावर ठेवलं. पेडलवर काम दीडपट होतं, म्हणजे हात आत जातो तेही दीडपट वेळा. अर्धा तास दार बंद होतं. बाहेर आला तेव्हा विनीतचा रंग गेलेला. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त एका वेळी एकच गोष्ट दिसते.

ठरलं असं: नवीन सॉफ्टवेअर होईपर्यंत पेडल बंद, दोन हातांची बटणं परत लावा, अशी सूचना प्रेस-शॉपला पाठवायची. मराठीत. मी लिहायची.

"नीट लिहा काका. घाबरवायचं नाही. पण स्पष्ट. डबा खराब आहे असं वाटता कामा नये."

"गुरुवारी देतो."

"गुरुवारी पहिलं हेच."

प्रदर्शनाची इंग्रजी पुस्तिका बुधवारी छपाईला जायची आहे, आणि विनीतनेच घालून दिलेली शिस्त मोडली तर मग ती कोणी पाळायची? गुरुवारच्या यादीत सूचना सर्वात वर टाकली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

चहाला क्षिप्राने विचारलं, "तिकडे कळवलंत ना?"

"गुरुवारी. पहिल्या नंबरावर आहे."

"पहिल्या नंबरावर," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात विनीतने तिला हाक मारली. पहिल्या नंबराचं या मुलीला काय वावडं आहे, कळत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

इंग्रजी पुस्तिका गेली. दिवसभर मान वर केली नाही. सकाळी महिपतकडून झेंडूची फुलं आली, मी हात जोडलेले पाठवले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सूचना लिहिली. वाटलं तेवढं सोपं नव्हतं. 'धोका' लिहावं तर विनीत काढणार. 'गैरसोय' लिहावं तर क्षिप्रा काढणार. 'काही विशिष्ट परिस्थितीत प्रतिसादास किंचित विलंब संभवतो' इथे दोघं तयार झाले. संस्कृतचा उपयोग असा होतो: 'संभवतो' म्हटलं की भीती सभ्य होते. शेवटची ओळ मात्र मी ठाम ठेवली: 'तूर्त पेडलचा वापर थांबवून दोन हातांची बटणे पूर्ववत बसवावीत.'

विनीतने दुपारी वाचली, संध्याकाळी पुन्हा वाचली, एक 'कृपया' घातलं. सहाच्या सुमारास मेल गेली. क्षिप्राला सांगितलं. तिने पहिल्यांदाच माझा चहा घेतला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जाहिरातींचा दिवस. डोंबिवली एमआयडीसी शुक्रवारी बंद असते, आपली सुट्टी रविवारी. म्हणजे आज तिकडे प्रेस चालूच नाहीत. मनाला बरं वाटलं. महिपतला सुट्टीच्या दिवशी गुलाब पाठवायला जास्त वेळ मिळतो. आज तीन आले.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी महिपतचा गुलाब आला, दवाचे थेंब असलेला. मी चहा पिता पिता हात जोडलेले पाठवले. वर त्याचं 'ऑनलाइन' दिसत होतं.

अकराच्या सुमारास विनीतचा फोन वाजला. तो काचेपलीकडे उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "डोंबिवली."

सगुणाबाईचा उजवा हात. चार बोटं. अंगठा राहिला.

क्षिप्रा ओरडली नाही, रडली नाही. तिने विचारलं, "मेल वाचली होती का त्यांनी?" कोणाला माहीत नव्हतं. मी महिपतला फोन केला. त्याचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. तुकडा वाकडा बसला म्हणून ती सरळ करायला गेली, पाय पेडलवर होता तो पडला. "डब्याचा दिवा हिरवा होता हो सर, म्हणजे पहारा चालू. मी बघितला. थांबलं, पण नंतर थांबलं. ठोकळा वर न्यायला मलाच जावं लागलं."

मेलचं विचारलं. म्हणाला, ऑफिसातला माणूस काल सुट्टीवर. आज आल्यावर त्याने रिवाजाप्रमाणे आधी ऑर्डरींच्या मेल बघितल्या, मग बिलांच्या. मग इतर. इतरमध्ये आपली सगळ्यात वर होती. तिथपर्यंत पोचेपर्यंत खालून आरडाओरडा ऐकू आला.

"सर, असं काही होतं तर मला एक फोन करायचा होता. तुमचा नंबर आहे की माझ्याकडे."

आहे खरा.

घरी मंदाकिनीला सांगितलं. तिने भाताचा कुकर बंद केला आणि विचारलं, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, आम्ही सूचना पाठवली होती. तिने पुन्हा तेच विचारलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

विनीतने सकाळीच बोलावलं. त्याच्याबरोबर प्रेस-शॉपचे मालक होते. पांढरा शर्ट, अंगठ्या, डोळे झोपेविना लाल. कारखाना निरीक्षक येणार आहेत. त्याआधी बाईचा जबाब हवा: ती घाईत होती, मशीन नीट होती, सूचना वेळेत मिळाली होती. उपचाराचा खर्च मालक करणार आहेत, मुलीला कामावर घेणार आहेत. "काका, तिच्या भाषेत लिहा. तिचं तुमच्याशी बरं आहे. आजच हवं."

"आज सोमवार आहे," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

"सोमवार गेला खड्ड्यात!"

तासाभरात लिहून झालं. सॉफ्टवेअर निर्दोष असल्याच्या वेगळ्या कागदावर क्षिप्राला सही करायला सांगितली. तिने पेन विनीतच्या टेबलावर ठेवलं, गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं आणि निघून गेली. लॅपटॉपमधले आकडे तिने आधीच निरीक्षकांकडे पाठवलेत, असं साकेत कुजबुजला. साकेत आज आनंदी नव्हता.

मी तो जबाब घरी आणला आहे. तिच्या भाषेत बरा उतरला आहे. 'मी घाईत होती' असं लिहिलंय, 'होते' नाही. माणूस आयुष्यभर शुद्ध लिहितो आणि मग अशुद्ध लिहिण्यात निष्णात होतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ती कल्याणच्या एका रुग्णालयात आहे. खाट खिडकीपाशी. हात कोपरापासून पांढरा, मोठा, उशीवर वेगळा ठेवलेला; दुसऱ्या कोणाचा असावा तसा ती त्याच्याकडे बघत नव्हती. मुलगी पायल स्टुलावर बसली होती. तिने उठून मला स्टूल दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

महिपत शाईचं पॅड घेऊन आला होता. पेन धरता येत नाही, म्हणून अंगठा. डाव्या हाताचा.

"लागलं काय फार?" मी विचारलं. इतका मूर्ख प्रश्न मी वार्ताहर असतानाही विचारला नव्हता.

"गेलेली बोटं दुखतात," सगुणाबाई म्हणाली. "नर्स बोलते, तसंच असतं. जी हायत ती दुखत नाहीत." मग कागदाकडे बघून, "काय ते?"

"जबाब. तुझ्या वतीने लिहिलाय."

"वाचा."

मी वाचायला लागलो. नाव, गाव, वय. कधीपासून कामावर आहे. मालक चांगले आहेत. मशीन नवीन आहे. वाचताना लक्षात येत होतं की लय चांगली आहे. 'त्या दिवशी मी घाईत होती, आणि दिवा नीट न बघता माझा हात माझ्याच चुकीने—'

तिथे मी वाचायचं थांबलो.

"वाचा की."

मी कागदाची घडी केली. महिपतच्या हातातल्या पॅडचं झाकण लावलं. म्हटलं, "सगुणाबाई, यावर अंगठा देऊ नका. चूक तुमची नव्हती. डब्यातच खोट होती. कधीकधी तो उशिरा थांबत होता."

पायल भिंतीपासून पुढे आली. महिपत पॅड धरून तसाच उभा.

सगुणाबाई माझ्या हातातल्या घडीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या आठवड्यात, सोमवारी. खरं म्हणजे त्याच्याही आधी."

"आणि हात शनिवारी गेला."

"हो."

"मग मधे काय करत होता साहेब?"

ती रागाने विचारत नव्हती. प्रेसवर विचारलं असतं तसंच, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून विचारत होती.

"लिहीत होतो," मी म्हणालो. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.